टर्बाइनची मोटार आणि वऱ्हाडचा उन्हाळा

अकोला जिल्ह्यात, बाळापूर तालुक्यातल्या पारसच्या वीज केंद्रात टर्बाइन फिरते. अडीचशे मेगावॉटचे दोन संच, एक २००८ सालचा आणि दुसरा २०१० सालचा. कोळसा जाळून केलेली वाफ पात्यांच्या चक्रावर सोडायची आणि ते चक्र मिनिटाला बरोबर तीन हजार फेरे फिरत ठेवायचे, एवढेच तिथले काम. फेरे कमी नाहीत, जास्त नाहीत. दिवस असो की रात्र, तीन हजार. असेच पात्यांचे चक्र आता घरोघरच्या मोटारीत बसणार, अशी पक्की खात्री १९५० ते १९६५ या काळात युरोप-अमेरिकेतल्या मोठमोठ्या मोटार कंपन्यांना वाटत होती. तिथे वाफेच्या जागी जळत्या इंधनाचा तप्त वायू असायचा. पुढच्या बाजूने हवा ओढून ती दाबायची, तिच्यात इंधन फवारून पेटवायचे, त्या झोताने एक चक्र फिरवून त्याच्याच जोरावर आणखी हवा ओढायची, आणि उरलेल्या झोतावर दुसरे चक्र फिरवून चाकांना गती द्यायची. या प्रयोगांचा इतिहास सहसा हळहळत सांगितला जातो: काय सुंदर गाड्या होत्या, आणि कुणी तरी त्या मारून टाकल्या. ही हळहळ मला पटत नाही. टर्बाइनची मोटार हरली ती मोटारीला रोज जे काम करावे लागते त्या कामापुढे. आणि ते काम डेट्रॉइटच्या रस्त्यावर दिसते त्याहून अमरावती-अकोला रस्त्यावर जास्त स्पष्ट दिसते.

सुरुवात विमानापासून झाली. फ्रँक व्हिटल यांच्या जेट इंजिनाचे काम युद्धकाळात ब्रिटिश सरकारने रोव्हर या मोटार कंपनीकडे सोपवले होते. व्हिटल आणि रोव्हर यांचे काही जमले नाही आणि १९४३च्या सुरुवातीला ते काम रोल्स-रॉइसकडे गेले. पण रोव्हरच्या अभियंत्यांच्या डोक्यातून टर्बाइन गेली नाही. मार्च १९५० मध्ये सिल्व्हरस्टोनच्या धावपट्टीवर त्यांनी जगातली पहिली गॅस टर्बाइन मोटार चालवून दाखवली. जेट-१ हा तिचा नोंदणी क्रमांक आणि तेच तिचे नाव. दोन माणसांची उघडी गाडी, इंजिन सीटच्या मागे. जून १९५२ मध्ये बेल्जियममधल्या याब्बेके इथल्या महामार्गावर तिने ताशी दीडशे मैलांच्या वर, म्हणजे सुमारे २४५ किलोमीटरचा वेग गाठला. वर्तमानपत्रांनी छापला तो हा आकडा. तिचे दुसरे आकडे कमी छापले गेले: गाडी नुसती उभी असतानाही इंजिन मिनिटाला तेरा हजार फेरे घेई, आणि एका लिटरमध्ये ती जेमतेम दोन-अडीच किलोमीटर जाई.

रोव्हरपाठोपाठ सगळेच धावले. एप्रिल १९५४ मध्ये फियाटने तुरिनच्या आपल्या लिंगोत्तो कारखान्याच्या गच्चीवरील धावपट्टीवर ‘तुर्बिना’ फिरवली. जनरल मोटर्सने हार्ली अर्लच्या कल्पनेतून उतरलेल्या, पंख लावलेल्या ‘फायरबर्ड’ गाड्या एकामागून एक प्रदर्शनांत मांडल्या. १९५६ मध्ये रेनोने ‘एत्वाल फिलांत’ अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर नेऊन ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढे पळवली. या सगळ्यांत आपल्याला जवळच्या कंपन्या दोनच: फियाट आणि अमेरिकेची क्रायस्लर, जिच्या टर्बाइनकडे पुढे येतोच. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली ती क्रायस्लरशी करार करून. १९४७ पासून मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो या क्रायस्लरच्या गाड्या जोडल्या जाऊ लागल्या, आणि पन्नाशीच्या सुरुवातीला त्याच कारखान्यात फियाट आली. म्हणजे ज्या दोन घराण्यांनी टर्बाइनच्या मोटारीचा गाजावाजा केला, त्यांचा हिंदुस्थानातला भागीदार एकच होता आणि तो मुंबईत होता. तुरिनच्या गच्चीवर ‘तुर्बिना’ घोंगावत होती त्याच १९५४ साली कुर्ल्याला फियाट ११००चे काम सुरू झाले. चार सिलिंडर, रेडिएटर, कार्ब्युरेटर, सगळे नेहमीचे. पुढे चाळीसएक वर्षे आपण हीच गाडी थोडाफार चेहरा बदलून चालवली.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो अगदी आपल्या सवयीचा आहे. गोऱ्यांनी नवे ते स्वतःकडे ठेवले आणि जुने आपल्या गळ्यात मारले. परवान्याच्या राज्यात ११०० चार दशके टिकली, यात दोष जरूर आहे. पण टर्बाइनच्या बाबतीत हा आक्षेप उभाच राहत नाही, कारण फियाटने ती गाडी इटलीतही कुणाला विकली नाही. एकच बनवली, फिरवली आणि संग्रहालयात ठेवली. जे त्यांनी आपल्या घरच्या गिऱ्हाइकालाच दिले नाही ते कुर्ल्यापासून लपवले, असे म्हणता येत नाही.

क्रायस्लरने मात्र गिऱ्हाइकाच्या हाती गाडी दिली, आणि म्हणून या सगळ्या प्रकरणातला खरा पुरावा तिथेच सापडतो. जॉर्ज ह्यूबनर हे तिथल्या टर्बाइन विभागाचे प्रमुख. मार्च १९५६ मध्ये त्यांच्या लोकांनी टर्बाइन बसवलेली प्लिमथ न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसपर्यंत, सुमारे तीन हजार मैल, चालवत नेली. मग १९६३ मध्ये कंपनीने असे धाडस केले जे आधी कुणी केले नव्हते. पाच नमुने आणि पन्नास गाड्या. तुरिनच्या घिया कारखान्यात हातांनी घडवलेली तांबूस रंगाची शरीरे, आणि डेट्रॉइटला त्यांत बसवलेली इंजिने. तीस हजारांवर अर्जांतून निवडलेल्या २०३ सामान्य कुटुंबांना आळीपाळीने तीन-तीन महिने त्या फुकट वापरायला दिल्या. इंधनाचा खर्च तेवढा वापरणाऱ्याचा. ऑक्टोबर १९६३ ते जानेवारी १९६६ या काळात त्या गाड्या मिळून दहा लाख मैलांहून अधिक फिरल्या. शिक्षिका, दुकानदार, गृहिणी अशा माणसांनी बाजारहाट करत, मुलांना शाळेत सोडत हा प्रयोग पार पाडला. आजही कुठल्या नव्या वाहनाची इतकी प्रामाणिक परीक्षा क्वचितच होते.

ते इंजिन जवळून पाहण्यासारखे होते. रेडिएटर नाही, कारण थंड करायला पाणीच लागत नाही. डिस्ट्रिब्युटर नाही. स्पार्क प्लग एकच, तोही फक्त सुरू करताना लागणारा. एकदा ज्योत पेटली की ती आपोआप पेटती राहते. पिस्टन वर-खाली होत नसल्याने हादरा जवळजवळ नाही. दोन्ही बाजूंना जाळीदार धातूच्या दोन मोठ्या चकत्या सावकाश फिरत राहत. बाहेर पडणाऱ्या धुराची उष्णता त्या स्वतःत साठवत आणि आत येणाऱ्या हवेला देत. टर्बाइनच्या मोटारीची सगळी आशा या दोन चकत्यांवर होती. त्यांच्यामुळेच धूर थंड झाला आणि इंधनाची उधळपट्टी आटोक्यात आली. शक्ती १३० अश्वशक्ती. गाडी उभी असताना मिनिटाला अठरा हजारांवर फेरे, पूर्ण वेगात चव्वेचाळीस हजारांवर. आवाज मात्र मोटारीचा नव्हे. घरकामातल्या व्हॅक्यूम क्लीनरसारखा आहे अशी तक्रार काहींनी केली, तर काहींना तोच आवाज फार आवडला.

आणि लोकांच्या तक्रारी काय होत्या? पेडल दाबले की गाडी लगेच पळत नाही. सेकंदभर, कधी दीड सेकंद, विचार करते. उंच डोंगराळ भागात सुरू करताना त्रास देते. आणि पिते फार. या तीन तक्रारींचे मूळ एकच आहे. टर्बाइन स्वभावाने एकमार्गी. ठरलेल्या वेगाने, ठरलेल्या भाराखाली, तासन्‌तास फिरण्यात तिचा हात धरणारे कुणी नाही. पण मोटारीचे आयुष्य तसे नसते. बहुतेक वेळ ती आपल्या ताकदीचा पाचवा-सहावा हिस्सा वापरत असते. थांबते, निघते, बैलगाडीमागे रखडते, रेल्वे फाटकावर उभी राहते. पिस्टनचे इंजिन अशा वेळी आपले इंधन कमी करून घेते. टर्बाइनला तसे करता येत नाही. तिला स्वतःची हवा दाबायलाच इतकी शक्ती लागते की काम नसतानाही तिचे पोट भरावेच लागते. दावणीला उभा असलेला बैल नांगराला जुंपलेल्या बैलाच्या जवळपास चारा खाऊ लागला तर शेतकरी काय करील? इंजिन लहान केले तर हा दोष आणखी वाढतो. पात्यांची टोके आणि भोवतालचे कवच यांच्यात केसाएवढी फट ठेवावीच लागते. पारसच्या अजस्र चक्राला ती जाणवत नाही, पण पसाभर आकाराच्या चक्रात त्याच फटीतून दाबाचा मोठा वाटा निसटून जातो. हा भूमितीचा नियम आहे, आणि पगारवाढ देऊन किंवा अभियंते बदलून तो बदलत नाही.

आता हीच गाडी वऱ्हाडात आणून पाहू. क्रायस्लरने सांगितलेली १३० अश्वशक्ती सुमारे २९ अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेत धरलेली होती. अकोल्यात मे महिन्यात दुपारी ४५ अंश ही काही बातमी नाही. हवा तापली की विरळ होते. टर्बाइन तर हवेवरच जगते, आणि तापलेली हवा दाबायला तिला जास्त जोरही लागतो. त्यामुळे इतक्या उन्हात तिच्या शक्तीतले दहा-पंधरा टक्के घराबाहेर पडण्याआधीच गेलेले असतात. तापलेल्या हवेचा फटका पिस्टनलाही बसतो, पण एवढा नाही. दुसरी गोष्ट धूळ. तेवढ्याच शक्तीच्या पिस्टन इंजिनाच्या कित्येक पट हवा टर्बाइनला लागते. बोरगाव मंजूपासून मूर्तिजापूरपर्यंत आणि पुढे बडनेऱ्यापर्यंत उन्हाळ्यात काळ्या मातीचा जो फुफाटा उडतो, हंगामात जिनिंग-प्रेसिंगच्या आवारांभोवती कापसाचे जे तंतू हवेत तरंगत असतात, ते सगळे या गाडीने आत ओढले असते. गाळणी बारीक लावावी तर हवा अडते, जाड लावावी तर पाती झिजतात. ही कल्पनेची भरारी नव्हे. १९९१च्या आखाती युद्धात अमेरिकेच्या टर्बाइनवर चालणाऱ्या अब्राम्स रणगाड्यांना वाळवंटात हाच प्रश्न भेडसावला आणि सैनिकांना हवेच्या गाळण्या पुन्हा पुन्हा झाडत बसावे लागले. त्या सैनिकांमागे एक महासत्ता होती. अकोल्याच्या टॅक्सीवाल्यामागे कोण असणार होते?

टर्बाइनच्या बाजूने वऱ्हाडात एक युक्तिवाद नक्की झाला असता, आणि तो वरवरचा नाही. ही गाडी काहीही पिते. घासलेट, डिझेल, वनस्पती तेल. मेक्सिकोच्या अध्यक्षांनी तिच्यात टकीला नावाची दारू भरायला लावली तर ती त्यावरही चालली. ज्या मुलखात घाणी आणि तेल गिरण्या सरकी पिळून तेल काढतात आणि उरलेली ढेप ढोरांना घालतात, तिथे घरच्या तेलावर चालणारी मोटार! ऐकायला गोड आहे. पण इंजिन काय पिते याच्याइतकेच ते किती पिते हेही महत्त्वाचे. ज्या देशाला फोडणीच्या तेलासाठी आयातीवर अवलंबून राहावे लागत होते, तिथे लिटरला चार-पाच किलोमीटर जाणाऱ्या गाडीत सरकीचे तेल ओतणे म्हणजे चैन. शिवाय हा गुण एकट्या टर्बाइनचा नाहीच. १९००च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले गेले होते. आणि गंमत अशी की त्या काळी अमेरिकेतल्या पंपांवर जे पेट्रोल सर्वांत सहज मिळे, ते शिसे मिसळलेले, तेच या सर्वभक्षी गाडीला मानवत नव्हते. शिशाची पुटे पात्यांवर बसत.

आणि मग दुरुस्ती. इथे वऱ्हाडकडे स्वतःचा पुरावा आहे, मोटारीचा नसला तरी इंजिनाचा. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर या अरुंद मार्गावर कापूस वाहण्यासाठी घातलेल्या शकुंतला रेल्वेला मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेले झेडी जातीचे वाफेचे इंजिन लागले. ते १९२३ पासून चालू राहिले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी त्याच्या जागी डिझेल इंजिन आले. सत्तर वर्षे! त्याच मँचेस्टरमधल्या मेट्रोपॉलिटन-व्हिकर्सने १९५१ मध्ये ब्रिटिश रेल्वेसाठी गॅस टर्बाइनचे इंजिन बांधले. ते दहा वर्षेही टिकले नाही. १९५८ मध्ये टर्बाइन काढून टाकून त्याचे विजेचे इंजिन करण्यात आले. शकुंतलेचे इंजिन कार्यक्षम होते असे कुणी म्हणणार नाही. वाफेचे इंजिन कोळशातली बहुतेक उष्णता आकाशात सोडते. पण मूर्तिजापूरच्या फिटरला ते समजत होते. नळी गळली तर बदलता येत होती, बेअरिंग ओतता येत होते, कोणता भाग थकला आहे ते कानाने कळत होते. शेतातल्या ऑइल इंजिनाचेही तेच. साताऱ्याच्या कूपरने आणि नंतर खडकीच्या किर्लोस्करने बनवलेली इंजिने गावोगावच्या विहिरींवर बसली, वरूड-मोर्शीच्या संत्र्यांना त्यांनीच पाणी दिले, आणि तालुक्याच्या गावी त्यांचा मिस्तरी तयार झाला. हँडल मारून इंजिन सुरू करणारा शेतकरी त्याच्या ठोक्यावरून दुखणे ओळखू लागला. नऊशे अंशांच्या वायूत चव्वेचाळीस हजार फेरे घेणारे खास मिश्रधातूचे चक्र तडकले तर ते बदलण्यावाचून इलाज नाही, आणि बदलायचे ते डेट्रॉइटहून आणून. ज्या यंत्राला त्या गावचा मिस्तरी हात लावू शकत नाही ते यंत्र त्या गावात राहत नाही, हे आपल्याकडे कितीदा तरी दिसून आले आहे.

दुसरा आक्षेप कटाचा. तेल कंपन्यांनी किंवा पिस्टनवाल्यांनी टर्बाइन दाबली. क्रायस्लरने प्रयोग संपल्यावर ५५ पैकी ४६ गाड्या नष्ट केल्या, उरल्या नऊ. त्यामुळे या संशयाला चांगलेच खतपाणी मिळाले. पण जास्त इंधन पिणारी गाडी तेल कंपनीने का मारावी? आणि क्रायस्लरला ती मारायचीच होती तर पन्नाशीच्या सुरुवातीपासून १९८०च्या आसपासपर्यंत, इंजिनाच्या अनेक पिढ्या बनवत, कंपनी दिवाळखोरीच्या दारात येईपर्यंत तिने त्यावर पैसा का ओतला? ब्रिटन, इटली, फ्रान्स, अमेरिका, चार देशांतल्या एकमेकांच्या स्पर्धक कंपन्या स्वतंत्रपणे एकाच ठिकाणी येऊन थांबल्या. असे होते तेव्हा कट शोधण्यापेक्षा यंत्राकडे पाहावे. सत्तरीत धुराविषयीचे कायदे कडक झाले, आणि टर्बाइनच्या प्रचंड उष्णतेत तयार होणारे नायट्रोजनचे ऑक्साइड हाही एक नवा अडथळा उभा राहिला. पण तोवर निकाल लागल्यातच जमा होता.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार. टर्बाइन इतकी नालायक होती तर शर्यतीत आणि रणांगणात ती कशी चालली? १९६५ मध्ये ग्रॅहॅम हिल आणि जॅकी स्टुअर्ट यांनी रोव्हर-बीआरएम ही टर्बाइन गाडी ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत दहाव्या क्रमांकावर आणली. १९६७ मध्ये इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांत पार्नेली जोन्सची टर्बाइन गाडी शर्यत संपायला तीन-चार फेऱ्या उरेपर्यंत पुढे होती. एक किरकोळ बेअरिंग फुटले आणि विजय हुकला. हे खरे आहे, आणि यावरूनच माझा मुद्दा पक्का होतो. शर्यतीत गाडी फाटकावर थांबत नाही. तासन्‌तास इंजिन पूर्ण ताकदीच्या आसपास राहते, म्हणजे टर्बाइनला हवे तेच काम मिळते. रणगाड्याचे म्हणाल तर अब्राम्स आणि सोव्हिएत टी-८० यांना एकदम मोठी ताकद हवी होती आणि इंधनाचे बिल भरणारे सरकार होते. तरीही अब्राम्स नुसता उभा असताना ताशी चाळीसेक लिटर इंधन जाळतो. आपल्या सेनेने रशियाकडून घेतलेला टी-९० डिझेलवर चालतो.

वालचंदांच्या हयातीत हा निवाडा अजून व्हायचा होता. १९५३ मध्ये ते गेले. पण त्यांनी उभ्या केलेल्या दोन कारखान्यांकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले तर सगळे प्रकरण उलगडते. मोटारीचा कारखाना कुर्ल्याला. तिथे टर्बाइनवाल्या दोन कंपन्यांशी करार असूनही टर्बाइन आली नाही. विमानांचा कारखाना, हिंदुस्थान एअरक्राफ्ट, त्यांनी १९४० मध्ये बंगळूरला काढला आणि तो लवकरच सरकारकडे गेला. तिथे टर्बाइन आली, टिकली आणि वाढली. ऑर्फियस जेट इंजिने तिथे परवान्याने बनू लागली. विष्णू माधव घाटगे या मराठी अभियंत्याच्या हाताखाली घडलेले ‘किरण’ हे जेट प्रशिक्षण विमान १९६४ मध्ये उडाले, म्हणजे क्रायस्लरच्या पन्नास गाड्या अमेरिकेत घरोघर फिरत होत्या त्याच सुमारास. पुढे नाशिकजवळ ओझरला मिग विमाने तयार होऊ लागली. देश तोच, काळ तोच, टंचाई आणि परवाने तेच. बदलले होते ते फक्त काम. आकाशात फाटक नाही, बैलगाडी नाही, आणि उंचावरची हवा थंड असते.

एकविसाव्या शतकात मुंबईच्याच एका घराण्याने हा डाव पुन्हा मांडून पाहिला. टाटांच्या मालकीच्या जॅग्वारने २०१० मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात सी-एक्स७५ ही गाडी मांडली. तिच्यात दोन चिमुकल्या टर्बाइन होत्या, पण चाके फिरवायला नव्हे. ठरलेल्या एकाच वेगाने फिरून फक्त बॅटरीसाठी वीज करायला. इतिहासातून नेमका धडा घेतलेली ही मांडणी होती, आणि टर्बाइनच्या मोटारीला यापेक्षा शहाणी संधी कधी मिळालेली नाही. प्रत्यक्ष चालणारे नमुने बनवायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांत पेट्रोलचे पिस्टन इंजिन बसवले गेले, आणि २०१२च्या अखेरीस गाडी बाजारात आणण्याचा बेतही रद्द झाला. अमरावतीपुरते सांगायचे तर १६ एप्रिल २०२५ रोजी बेलोरा विमानतळावरून मुंबईची नियमित विमानसेवा सुरू झाली. त्या मार्गावरच्या एटीआर-७२ विमानाचे पंखे दोन गॅस टर्बाइन फिरवतात, आणि त्यांतही पंखा फिरवणारे चक्र क्रायस्लरच्या गाडीप्रमाणेच वेगळे, मोकळे असते. शहरात येणाऱ्या प्रवाशाला विमानतळावरून पुढे नेणारी टॅक्सी डिझेलवर, पेट्रोलवर, सीएनजीवर नाही तर विजेवर चालते.